आधी हाड, मग मी

बर्गेन, ५ जानेवारी २००३

प्रिय हेर्दिस,

फोनवर आपलं बोलणं कधी धड संपत नाही. तू "बरं, ठेवते" म्हणतेस, मी चिडते आणि मग दोघी महिनाभर गप्प. म्हणून हे पत्र. कागदावर तुला रिसीव्हर आपटता येणार नाही.

ख्रिसमसच्या कार्डातला तुझा फोटो पाहिला. शेजारच्या एइलिफने काढला असणार. तो मेंढ्यांचे फोटो बरे काढतो, माणसांचे नाही. मी आमच्या हाल्वरला विचारलं, "ही तिच्या यार्लेची कुठली मावशी?" त्याने चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला आणि म्हणाला, "अगं, ही तुझी सख्खी बहीण आहे."

रागावू नकोस, पण पोट केवढं सुटलंय तुझं! आणि खांदे असे पुढे आलेत, जणू दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या आहेत. शाळेच्या स्कीच्या शर्यतीत गावातली पोरंसुद्धा तुझी पाठ बघत धावायची. ती हेर्दिस कुठे गेली?

मला विचारशील तर सगळा दोष बसून राहण्याचा. यार्ले वारल्यापासून तू एकटीच शेगडीजवळची खुर्ची धरून बसलीयस. मी यंदा पंचावन्नची होईन. रोज कामावर जायच्या आधी फ्लॉयेनचा डोंगर चढते, पाऊस असला तरी, आणि बर्गेनमध्ये पाऊस नसतो कधी? ऑफिसातल्या पोरी विचारतात, "ऑडनी, गुपित काय तुझं?" मी म्हणते, गुपितबिपित काही नाही, मनावर घ्यायला लागतं.

तर ऐक. एप्रिलमध्ये तू साठ पूर्ण करतेस. ईस्टरला बाबांच्या डोंगरातल्या केबिनवर जायचं, तू आणि मी, बाकी कोणी नाही. गोठलेला तलाव ओलांडून पलीकडच्या खिंडीपर्यंत स्कीवर जायचं, पूर्वी जायचो तसं. तोवर वजन उतरव. बटाटे बंद, साय बंद, वाफल्स बंद. सकाळी कडक ब्रेडचा एक तुकडा, दुपारी सूप, रात्री सफरचंद. बस्स.

आणि या वेळी कारणं नकोत. बाबांच्या अंत्यविधीलासुद्धा तुझ्याकडे कारण होतं, मेंढ्या आजारी आहेत म्हणून. अठरा वर्षं झाली. हा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण निघाला. राहू दे आता, खोडत नाही.

तुझी
ऑडनी


वेगा, २४ जानेवारी

प्रिय ऑडनी,

तुझं पत्र एइलिफनेच आणून दिलं. बोटीवरून पोस्ट तोच आणतो. दारात उभा राहून म्हणाला, "बहिणीचं ना? सगळं ठीक?" मी म्हटलं, "ती म्हणते मी जाडी झाले." तो म्हणाला, "आणि एवढं सांगायला तिने तिकीट लावलं?"

फोटो खोटा नाही. आरशातही तेच दिसतं. पण मी बसून असते हे खरं नाही गं. मेंढ्यांना सुट्टी कळत नाही. दिवसातून दोनदा गोठ्यात जाते, गवत ओढते, पाणी नेते. तिथून परत आले की मात्र कोणीतरी माझा प्लग काढल्यासारखं होतं. बूट न काढता बाकावर बसते आणि तशीच झोपते. आणि रात्री, झोपायची वेळ झाली की टक्क जागी. यार्ले होता तेव्हा जेवायचे त्याच्या निम्मंही आता जेवत नाही, तरी कपडे आवळतातच. ही चरबी कुठून येते मला कळत नाही. हवेतून येत असावी.

तू डोंगर चढतेस ते वाचून बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला. आपण एकाच आईच्या पोटी जन्मलो, एकाच घरात वाढलो, एकाच चमच्याने माशाचं तेल प्यायलो, मग तुझ्यात एवढी धमक आणि माझ्यात नाही, म्हणजे दोष माझाच असणार. मनावर घ्यायला मी कमी पडले असेन.

मी येणार. कडक ब्रेड आणलाय. काल एइलिफच्या बायकोने साय घालून मासा पाठवला होता, तो मी मांजराला घातला. मांजराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात कोणी मेलंय.

बाबांच्या अंत्यविधीबद्दल केबिनवर बोलू.

हेर्दिस


बर्गेन, १६ फेब्रुवारी

प्रिय हेर्दिस,

शाबास! मला वाटलं होतं तू चार ओळीत नाही म्हणशील. आता मागे हटायचं नाही. भूक लागली की गरम पाणी प्यायचं. चक्कर येईल, डोकं दुखेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. आमच्या ऑफिसातल्या एकीने असंच करून तीन महिन्यांत लग्नातला ड्रेस घातला.

आणि थकव्याचं म्हणशील तर थकवा मनात असतो. मीही कधी कधी सकाळी अंथरुणातून उठताना कुरकुरते. मग स्वतःला म्हणते, चल म्हातारे, आणि उठते. तूही म्हणून बघ.

केबिनच्या चाव्या माझ्याकडे आहेत. सरपणाचं गावातल्या माणसाला सांगून ठेवलंय. संत्री आणि चॉकलेट मी आणीन. एक दिवस खाऊ देईन तुला.

ऑडनी


वेगा, ९ मार्च

प्रिय ऑडनी,

अक्षराकडे बघू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट जरा मुरगळलंय. मेंढीने ढुशी दिली.

वजन उतरलं. यार्लेचा पट्टा लावल्याशिवाय आता पँट कमरेवर राहत नाही. गाल बसले, पण पोट तेवढं हट्टी आहे, ते सगळ्यात शेवटी जाणार असं दिसतंय. एइलिफ म्हणतो, "तू खातेस की नुसती मेंढ्यांना खाताना बघतेस?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला विचार.

उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं येतं. तू लिहिलं होतंस म्हणून लक्ष देत नाही.

हात दुखतोय. बाकी नंतर.

हेर्दिस


बर्गेन, २३ मार्च

प्रिय हेर्दिस,

मनगट सांभाळ. तुझ्या मेंढ्या अगदी तुझ्यासारख्याच आहेत, समोरून सरळ येतील आणि न सांगता ढुशी देतील.

माझं रडगाणं ऐकायचं का? ऐकच, दुसरं कोणाला सांगू. महिन्यापूर्वी आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्या बंद केल्या. कसल्या म्हणशील तर पाळी जायच्या सुमारास सुरू केल्या होत्या, हार्मोनच्या. आठेक वर्षं रोज सकाळी कॉफीबरोबर एक. दात घासल्यासारखी सवय झालेली, गोळी घेते हे माझ्या ध्यानातही नसायचं. आता म्हणे नवीन काही माहिती आलीय, पुष्कळ वर्षं घेतल्या तर काही बायकांना बाधतात. "तुमची वर्षं भरली, थांबवू या," म्हणाल्या. मी म्हटलं, थांबवा. एका गोळीने काय होणार?

काय होणार! मीटिंगमध्ये बसलेय आणि पोटातून अशी आग वर येते की कानांच्या पाळ्या जळतात. रात्री पांघरूण फेकते, मग कुडकुडते, मग पुन्हा फेकते. हाल्वर दिवाणखान्यात झोपायला गेला. झोप नाही म्हणून दिवसभर डोक्यात कापूस. गेल्या आठवड्यात दोनदाच डोंगराला गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत. पाय उचलत नव्हते, हेर्दिस. माझे पाय! वाटेत बाकावर बसून राहिले आणि एक सत्तरीचा माणूस मला टोपी काढून नमस्कार करून पुढे गेला.

घरी येऊन हाल्वरला म्हटलं, "मी पोरींना सांगत होते ना, माझं काही गुपित नाही म्हणून?" तर तो म्हणाला, "होतं की. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये."

असो. मनावर घेईन. ईस्टरपर्यंत ठीक होते.

ऑडनी


वेगा, ६ एप्रिल

प्रिय ऑडनी,

तुझं पत्र वाचून आधी मी मोठ्याने हसले. मग पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

हे मला शेगडीपुढे बसून सांगायचं होतं, पण तोंडाने मला जमणार नाही असं वाटतंय. तुला ती आग महिनाभर झाली. मला अठरा वर्षं झाली.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात माझं ऑपरेशन झालं. पोटात गाठी होत्या. त्या काढायला गेले आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, सगळंच काढावं लागलं. एक्केचाळीस वर्षांची होते. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री अंगातून अशी वाफ आली की मला वाटलं ताप चढला. नर्सने खिडकी उघडली. बर्फ आत येऊन चादरीवर पडत होता आणि तरी मी घामाने भिजले होते. घरी सोडताना म्हणाले, पाळी लवकर गेली असं समजा. मी तसं समजले. गोळी-बिळी असते हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बाबा गेले.

तुझा फोन घरी यार्लेने घेतला. तो माझ्या खाटेशी येऊन म्हणाला, "तिला काय सांगू?" मी म्हटलं, "मेंढ्या आजारी आहेत असं सांग." तो म्हणाला, "हेर्दिस, असं कोणी सांगतं का?" पण त्याने तेच सांगितलं.

का, ते तुला कळायला हवं. आम्ही दोघं अकरा वर्षं मुलाची वाट बघत होतो. पाळणासुद्धा त्याने स्वतः करून ठेवला होता. तुझ्या पोटात तेव्हा सिग्ने होती. एवढं मोठं पोट घेऊन तू बाबांच्या शवपेटीमागून चालणार, आणि त्याच दिवशी मी तुला कळवू की माझं सगळं काढून टाकलं? तू रडली असतीस. माझ्यासाठी रडली असतीस, आणि तेच मला नको होतं. मग तू रागावलीस. राग सोसायला सोपा गेला. वर्ष गेलं, दोन गेली, मग सांगायची जागाच उरली नाही.

तू पत्रात मला आळशी म्हणतेस त्याचा मला राग नाही. मीही स्वतःला तेच म्हणत आलेय.

आणि मनगट मुरगळलं नव्हतं, मोडलं होतं. मेंढीचा काही संबंध नाही. गोठ्याच्या उंबऱ्यात चक्कर आली, हात टेकला आणि मोडला. प्लास्टर निघालंय.

पण मी येणार. स्कीला मेण लावून ठेवलंय.

हेर्दिस


बर्गेन, १० एप्रिल

हेर्दिस,

दिवसभर तुझं पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले. फोन उचलला, नंबर फिरवला, ठेवून दिला. पुन्हा उचलला. काय बोलले असते? तू "बरं, ठेवते" म्हणाली असतीस.

मला सांगायला हवं होतंस. हे मी रागाने लिहीत नाही. थोडंसं रागाने लिहितेय. आईच्या घरात एका खोलीत वाढलो आपण.

तू ये. सगळं केबिनवर बोलू. तुझं सामान मी उचलीन. बुधवारी ट्रॉनहाइमच्या स्टेशनवर मी उभी असेन.

ऑडनी


ब्रॉनॉयसुंद, १९ मे

प्रिय ऑडनी,

पत्त्यावरून कळलंच असेल, हॉस्पिटलमधून मला इथल्या पुनर्वसन केंद्रात हलवलंय. खिडकीतून बोटी दिसतात. जेवण बरं आहे आणि मी ते सगळं खाते. इथल्या बायका ताट रिकामं झाल्याशिवाय उचलतच नाहीत.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत तू एकच लिहितेस, की स्कीला बूट अडकवायची पकड जुनी होती, वेळेवर सुटली नाही, तू ती आधी तपासायला हवी होतीस. ऑडनी, पकडीला दोष देऊ नकोस.

तू पुढे होतीस, तुला दिसलं नाही. मी सांगते. उतार संपला होता. तलावाच्या काठी मी सपाटीवर उभी होते, श्वास घेत. वळायचं म्हणून भार डाव्या पायावर टाकला, आणि आत खुब्यात वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मला तो नीट ऐकू आला. त्यानंतर मी पडले. लोक समजतात माणूस पडतो आणि हाड मोडतं. माझं आधी हाड मोडलं, मग मी.

तू मागे वळून हसत ओरडलीस, "ऊठ गं, नाटकं पुरे!" ते तुला आठवतंय, म्हणून तू पकडीचं लावून धरलंयस, हे मला कळतं. पण लहानपणी मी दर वेळी असंच पडायचे आणि तू जवळ आलीस की तुझ्या मानेत बर्फ घालायचे. तुला तेच वाटणार. पडल्या पडल्या मलाही क्षणभर तेच वाटलं, की आता ही जवळ येईल आणि मी बर्फ घालीन. मग पाय हलेना.

बर्फावरची स्कूटर येईपर्यंत तू माझ्यावर तुझा कोट घालून स्वतः नुसत्या स्वेटरवर बसलीस आणि सारखी बोलत राहिलीस. काय बोलत होतीस ते मला आठवत नाही. आवाज आठवतो.

इथली डॉक्टर सिग्नेहून थोडीच मोठी दिसते. तिने मला एक्स-रेचे फोटो दाखवले. पाठीचे दोन मणकेही केव्हातरी चेपलेत म्हणाली. तीन वर्षांपूर्वी कंबर धरली होती, मी म्हटलं होतं गवताचा भारा उचलला म्हणून. ते तेव्हाचं. तिने समजावून सांगितलं की हाड म्हणजे दगड नव्हे. रोज थोडं मोडलं जातं, रोज थोडं बांधलं जातं, आणि बाईच्या अंगातलं ते हार्मोन मोडणाऱ्यांना आवरून धरतं. ते गेलं की मोडणारे सुटतात आणि बांधणारे मागे पडतात. माझं एक्केचाळिसाव्या वर्षीच गेलं, तेही एका सकाळीत. स्नायू आटतात, अंगातली भट्टी मंद होते, तेवढंच खाल्लं तरी पोटावर चढतं. झोप मोडते, थकवा येतो. ती सांगत होती आणि मला वाटत होतं, कोणीतरी माझ्या घरात अठरा वर्षं राहून गेलंय आणि मला आज भेटतंय.

मग तिने विचारलं, "हिवाळ्यात एवढं वजन कसं उतरलं?" मी म्हटलं, उपास केला. ती म्हणाली, "आधीच हाडं पोकळ, त्यात उपाशी राहिलात. अंगाने स्नायू खाल्ले. उपास कोणी सांगितला होता तुम्हाला?"

मी म्हटलं, "कोणी नाही. मीच."

मेंढ्यांची बाळंतपणं एइलिफने केली. रोज संध्याकाळी फोन करून कोणतीला काय झालं ते सांगायचा. शरद ऋतूत कळप तोच घेणार आहे. माझी झोपायची खोली खाली आणलीय, वरचा जिना आता माझ्यासाठी नाही. तू बर्गेनला ये म्हणतेस. नाही येणार. बेटावरचा वारा मला ओळखतो.

हेर्दिस


बर्गेन, ८ जून

प्रिय हेर्दिस,

पकडीचं पुन्हा लिहिणार नाही.

तू डॉक्टरला "मीच" म्हणालीस. ते वाक्य मी रोज वाचते. ब्रेड, सूप, सफरचंद हे माझ्या हातचं अक्षर तुझ्याकडे असेल अजून. शेगडीत घाल. नको, घालू नकोस. मला माहीत नाही काय कर ते.

मीही हाडं तपासून घेतली. यंत्राखाली निजले, त्याचा एक हात वरून सरकला, दुखलं-खुपलं काही नाही. यंत्रावरची मुलगी निकाल बघून म्हणाली, "अभिनंदन! तुमच्या वयाला फार छान आहेत." मी आभार मानले. खाली येऊन गाडीत बसले आणि तिथेच वर्षं मोजली. आठ वर्षं रोज कॉफीबरोबर मी ते गिळत होते आणि तुला लिहीत होते, मनावर घे.

इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्यात काहीतरी खास आहे आणि तुझ्यात ते कमी आहे.

सिग्नेला सगळं सांगितलं. अठरा वर्षांची आहे, तिच्यापासून काय लपवायचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मावशीला कधी कोणी विचारलंच कसं नाही?" मी म्हटलं, ती बेटावर राहते, फार बोलत नाही, आम्ही फोनवर भांडतो. मी बोलत गेले तशी माझी कारणं मलाच ऐकवेनाशी झाली.

डॉक्टरीणबाई मला पुन्हा थोड्या दिवसांसाठी कमी ताकदीची गोळी देऊ शकतात म्हणाल्या, माझं मीच ठरवायचं. अजून ठरवलं नाही.

तू इकडे येणार नाहीस तर मी तिकडे येते. ऑगस्टमध्ये. नाही म्हणू नकोस. म्हटलंस तरी येईन.

ऑडनी


बर्गेन, ३१ ऑगस्ट

प्रिय हेर्दिस,

पोचले. प्रवास नीट झाला.

ते दहा-बारा दिवस माझ्या मनातून जात नाहीत. समाजमंदिरातल्या तुमच्या व्यायामाच्या वर्गात तू मला नेलंस, त्या खुर्च्यांच्या पाठी धरून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या आणि ती शिक्षिका ओरडतेय, "खाली बसा, वर उठा, आणि गप्पा नंतर!" मला वाटलं होतं ते बघून वाईट वाटेल. तुम्ही सगळ्या एवढ्या हसत होतात की मीच बाहेरची वाटले. तू काठी न घेता दुकानापर्यंत गेलीस त्या दिवशी मी मागून चालत होते आणि तू वळून म्हणालीस, "मागून येऊ नकोस, मला पोलीस पाठीवर असल्यासारखं होतं." आपण एवढ्या सरळ कधीच बोललो नव्हतो.

यार्लेबद्दलही तू बोललीस. त्याने पाळणा मोडून कोकरांसाठी गव्हाण केली, ते तू इतक्या सहज सांगितलंस. मी बटाटे सोलत होते म्हणून बरं, खाली बघायला काहीतरी होतं.

पण धक्क्यावरचं तुला सांगायचं राहिलं. बोट लागली, मी तुला मिठी मारली आणि मला रडू कोसळलं. तू म्हणालीस, "अगं, ख्रिसमसला मी येतेय ना?" तुला वाटलं मी निघाले म्हणून रडतेय.

हेर्दिस, तसं नव्हतं. मी जन्मभर तुझ्या खांद्याशी होते. शाळेच्या फोटोत, माझ्या लग्नाच्या फोटोत, आईच्या दफनाच्या वेळी, तुला मिठी मारायची म्हणजे माझं नाक तुझ्या गळपट्ट्यात. त्या दिवशी धक्क्यावर माझी हनुवटी तुझ्या केसांवर टेकली. मला आधी कळलंच नाही काय चुकतंय. मग कळलं. तू इतके दिवस माझ्यासमोर फिरत होतीस, खुर्चीत, ओट्यापाशी, आणि मला दिसलं नव्हतं. मिठी मारल्यावर कळलं.

बोट वळेपर्यंत तू हात हलवत होतीस. मी रेलिंगला धरून उभी होते आणि एकच विचार येत होता, की ही इतकी वर्षं हळूहळू लहान होत होती आणि मी तिला जाडी म्हणत होते.

हे लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. पण न सांगता राहायचं आपल्या घरात फार झालं.

तुझी
ऑडनी


वेगा, १२ सप्टेंबर

प्रिय ऑडनी,

काल मेंढ्या गेल्या. एइलिफने कुंपणच उघडलं आणि त्या त्याच्या शेतात चालत गेल्या, जणू तिथेच राहत होत्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. मी खिडकीत उभी होते. मग आत येऊन सायीची लापशी केली, वर लोणी घातलं आणि पूर्ण वाडगा संपवला. मांजराला दिली नाही.

वर्गात नवीन एक बाई आलीय, पन्नाशीही नाही. तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, मागच्या वर्षी. चहाच्या वेळी मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, रात्री झोप लागते का? ती तासभर बोलली. मी नुसती ऐकत होते. एवढं साधं विचारायचं होतं.

ख्रिसमसला मी येते. बोटीचं सांगून ठेवलंय. तुमच्या घरी पायऱ्या आहेत, ते हाल्वरला बघायला सांग.

धक्क्यावरचं तू लिहिलंस ते मला माहीत होतं. आरसा माझ्याकडेही आहे. घरातून निघतानाच मला वाटलं होतं, निरोप घेताना हिला कळणार. तुला कळू नये म्हणून मी तेव्हा टाचा उचलून उभी होते.

हेर्दिस